हाकेला ओ

मी यीस्ट बोलतोय. नाक मुरडू नका! तुमच्या घरी दह्याला विरजण लागतं ना, तसा नॉर्वेतल्या या शेतघरी बिअरला मी लागतो. लाकडी कड्यावर वाळून माळ्यावर टांगून राहायचं, माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाच्या, गोड रसात पडलं की जागं व्हायचं आणि फेसाळायचं. एवढंच माझं आयुष्य.

माझा धनी आयलेव. यीस्ट पिंपात घालताना आरोळी ठोकायची, ही इथली रीत. आरोळी जेवढी मोठी, तेवढी बिअर कडक म्हणे! आयलेव असा ओरडायचा की डोंगरावरची मेंढरं उधळायची.

गेल्या आठवड्यात तो वारला. त्याला निरोप द्यायला येणाऱ्यांना घरचीच बिअर हवी. ती करायला घेतली त्याच्या बायकोने, गुडनीने. तिने मला बरणीतल्या रसात सोडलं आणि लवकर जाग यावी म्हणून बरणी थेट चुलीला टेकवली. मला ऊब आवडते हो, पण ही भट्टी होती. माझे कितीतरी भाऊबंद जागीच गेले. उरलेले आम्ही तळाशी निपचित पडलो.

"अगं बाई, वहिनी! यीस्ट आहे की पापड?" नणंद बोर्गहिल्डने बरणीवरचा हात झटकन मागे घेतला. "जाऊ दे, दुकानातून पुडी आणू."

"नको वन्सं. त्यांच्या नावाचा पेला परक्या यीस्टचा? मला नाही जमणार."

बोर्गहिल्डने बरणीत डोकावून पाहिलं. "बरं. मग चुलीपासून लांब ठेव. वरचं ओतून दे, ताजा कोमट रस घाल आणि हात लावू नको. तुझ्या घाईने ते उठायचं नाही."

गुडनी बरणीपाशी बसून राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण भाजलेल्या अंगाला वेळ लागतोच. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी एक बुडबुडा वर गेला. मग आणखी एक.

"वन्सं, उठलं हो!"

दुपारी ती बरणी घेऊन पिंपाशी उभी राहिली. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. तो गेल्यापासून ती रडलीही नव्हती.

"ओरड ना गं," नणंद हळूच म्हणाली, "की मेंढरांना आज सुट्टी?"

गुडनीला हसू आलं आणि त्या हसण्यातूनच आरोळी फुटली, "आयलेऽऽव!" तिने मला पिंपात ओतलं आणि मग मात्र ती पोटभर रडली.

खरं सांगू? आरोळीने आम्ही उठत नाही. आम्हाला बेताची ऊब, ताजा रस आणि तुमची सबुरी लागते. मंदावलेल्याला लगेच मोरीत ओतू नका, एवढीच विनवणी.

पण तिच्या त्या हाकेला ओ देणारा आता घरात दुसरा कोणी नाही. तेव्हा निघतो. मला फेसाळायचंय.