बुटांखालून उठलेला काळा ट्रे

मित्रांनो, माझा रंग पाहून नाक मुरडू नका. ओव्हनमधला जुना, काळाकुट्ट ट्रे तो मीच. जन्मलो तेव्हा मीही चांगला चकचकीत होतो. अमेरिकेत, मिनेसोटातल्या एका कारखान्यात पत्रा दाबून मला घडवलं आणि अ‍ॅर्डिस हॅल्वरसनला मी लग्नात आहेर म्हणून मिळालो. चाळीस वर्षं मी तिच्यासाठी तापलो. बिस्किटं, पाव, मासे, काय काय भाजलं माझ्यावर!

पण काळा पडलो आणि माझी किंमत गेली. तिने नवा लखलखीत ट्रे आणला, माझी रवानगी गॅरेजमध्ये झाली. बर्फात भिजलेले बूट अंगावर घेऊन मी दाराशी पडून असायचो. फार वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

तिथेच मी एक चोरी पाहिली. अ‍ॅर्डिसचा नवरा व्हर्नर म्हणजे बटाट्याच्या वेफर्सपायी वेडा. त्या हिवाळ्यात त्याच्या छातीत कळ आली, दवाखान्यात राहावं लागलं आणि डॉक्टरांनी तळलेलं साफ बंद केलं. घरी येऊन आठ दिवस झाले नाहीत तोच हा बाबा गॅरेजमध्ये विजेच्या शेगडीवर कढई ठेवून वेफर्स तळत बसला! वास थोडाच लपतो? अ‍ॅर्डिस दारात येऊन उभी राहिली.

"मरायचंय का तुला?" ती ओरडली.

"कुरकुरीत काही खायचंच नाही, तर जगून तरी काय करू?"

"मी ओव्हनमध्ये करून देते. चमचाभर तेलात."

"कर की! रविवारी चर्चच्या जेवणाला ठेव. ट्रे रिकामा घरी आला, तर ही कढई देऊन टाकतो. नाही आला, तर माझ्यामागे भुणभुण करायची नाही."

अ‍ॅर्डिसने पैज घेतली आणि शनिवारी सकाळीच कामाला लागली. त्या नव्या ट्रेवर तिने चकत्या एकावर एक दाटीवाटीने पसरल्या. निघाले काय, तर पांढरेफटक, मऊ चिवट तुकडे. शेजारच्या मार्लिसने एक चावून पाहिला आणि गोड हसून म्हणाली, "वेगळेच झालेत हं!"

आमच्याकडे कुणी कुणाला तोंडावर वाईट म्हणत नाही. 'वेगळंच' म्हणालं, की समजायचं घास घशाखाली उतरत नाहीये. अ‍ॅर्डिसचे डोळेच भरून आले.

मार्लिसला दया आली. "अगं, चकचकीत पत्रा आच परतवून लावतो. तुझा तो जुना काळा ट्रे कुठाय?"

मित्रांनो, काय सांगू! बूट धाडकन बाजूला झाले. सोडा आणि कढत पाणी घेऊन अ‍ॅर्डिसने मला असं घासलं, की माझी चाळीस वर्षांची हाडं सैल झाली. बुटांची माती गेली, रंग मात्र काळाच राहिला. मग चकत्या पारदर्शक दिसतील इतक्या पातळ कापल्या, गार पाण्यात भिजवून त्यांचा पिठूळपणा काढला, फडक्यावर कोरड्याठाक पुसल्या. त्यांना तेलाचा नुसता हात लावला आणि माझ्यावर सुट्या सुट्या मांडल्या. मी जीव ओतून तापलो. एकेक चकती सोनेरी झाली, कडेला वळली. अ‍ॅर्डिसने एक मोडून पाहिली. कट्ट! ती एकटीच स्वयंपाकघरात नाचली.

रविवारी चर्चच्या तळघरात, घरोघरून आलेल्या पदार्थांच्या टेबलावर मी मधोमध. नुसती झुंबड! "कुठे तळलेस?" "अगं, हात तेलकट होत नाहीत की!" एकानेही 'वेगळेच' म्हटलं नाही. माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू!

शेवटी माझ्यावर एकच वेफर उरला, आणि घोडं अडलं. शेवटचा तुकडा आमचे लोक मेले तरी उचलत नाहीत. हावरट म्हणतील ना! एक बाई आली, अर्धा मोडून घेऊन गेली. मग एक आजोबा त्या अर्ध्यातला अर्धा घेऊन गेले. नखाएवढा तुकडा राहिला, त्याला मात्र कुणी हात लावेना. व्हर्नर मिशीत हसत होता. लबाडाला हे आधीपासून ठाऊक होतं!

"ट्रे काही रिकामा नाही झाला बुवा," तो म्हणाला.

अ‍ॅर्डिस त्याच्यासमोर येऊन बसली. "राहू दे तो तुकडा. पैज तू जिंकलास. मला भीती वाटते रे व्हर्नर. तुझ्यावाचून त्या घरात मी काय करू?"

व्हर्नरचं हसू मावळलं. तो उठला, सगळ्या गावासमोर माझ्यापाशी आला आणि तो शेवटचा तुकडा उचलून तोंडात टाकला. कुर्रम! सगळं तळघर वळून पाहू लागलं.

"हावरट तर हावरट!" कानापर्यंत लाल होत तो ओरडला. "अ‍ॅर्डिस, घरी चल. ओव्हनमधून आणखी एक घाणा काढू!"

त्याच दिवशी कढई घराबाहेर गेली. आता चकत्या तो स्वतः पुसतो आणि मला घासतोही स्वतःच.

म्हणून मित्रांनो, एवढं ऐका माझं. भांडं काळं पडलं तर टाकण्याआधी एकदा मन लावून घासून पाहा. आणि आपलं माणूस हट्टाला पेटलं, तर नुसतं ओरडू नका. त्याच्यासाठी ओव्हन पेटवा.