राहिलेला काना

“बाबा, हीच ना ती वही?” मुलीने कपाटाच्या तळातून लाल पुठ्ठ्याची जाडजूड वही ओढून काढली आणि धुळीने दोनदा शिंकली.

बुकिंगवाले दारातच उभे होते. या थिएटरच्या तिकीटखिडकीत एकतीस वर्षं बसल्यावर त्यांचं खरं नाव लोक विसरले, आणि खरं सांगायचं तर तेही विसरत चालले होते. थिएटर पुढच्या आठवड्यात पाडणार होते. “हवं ते न्या काका, नाहीतरी रद्दीतच जाणार,” म्हणून वॉचमनने किल्ली हातात दिली होती.

बायको जाऊन दोन महिने झाले, पण बुकिंगवाले रडले नव्हते. मनाचे घट्ट आहेत, असं लोक म्हणायचे. घट्ट कसले! दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की गाल आपला वाटत नाही, तसं त्यांना अंगभर झालं होतं. चहा पुढे आला की प्यायचा, कुणी चला म्हटलं की निघायचं. आज मुलगी चला म्हणाली, ते आले.

मुलीला आईचं अक्षर हवं होतं. फोटो ढीगभर होते, पण अक्षर कुठेच नव्हतं. आई लिहायची ती कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर सामानाच्या याद्या, नाहीतर दाराला अडकवलेल्या चिठ्ठ्या. त्या कोण जपून ठेवतं? मग तिला ही अभिप्रायांची वही आठवली. आईबाबांचं जमलं ते या वहीपायी, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

त्या वर्षी कॉलेजातल्या खेळाडूंच्या प्रेमाचा एक सिनेमा लागला होता. डोक्याला रंगीत पट्ट्या बांधलेली मुलंमुली मैदानभर गात सुटायची, हिरो परीक्षेत नापास व्हायचा आणि शर्यतीत पहिला यायचा. डोक्याला अजिबात ताप नाही. पण खुर्च्याही रिकाम्या राहू लागल्या, तेव्हा मॅनेजरने वही पुढे सरकवली. “वितरक अभिप्राय बघायला मागतो. भरून टाक. आणि वाईट असतील ती पानं फाड.”

बुकिंगवाल्यांनी भरली. कधी निवृत्त मास्तर होऊन, कधी डाव्या हाताने कॉलेजकन्या होऊन.

एका पानावर मात्र खरोखरच्या मुलीने लिहिलं होतं, ‘सिनेमा पहिला. बरा आहे. पण एवढे पळतात आणि घाम कुणालाच येत नाही.’ बुकिंगवाले पोट धरून हसले. मग फूटपट्टी लावून पान फाडलं.

पुढच्या रविवारी ती खिडकीशी हजर.

“माझं पान कुठे गेलं?”

“उंदरानं खाल्लं.”

“तुमच्या उंदराला वाचता येतं वाटतं!”

लग्नानंतर छत्तीस वर्षं ती त्या उंदरावरून त्यांची खेचत राहिली. कधीतरी खरं सांगून टाकू, असं ते म्हणत राहिले. एवढी घाई काय होती?

“एक पान उंदरानं खाल्लं, पण आई गप्प बसणारी होती का?” मुलगी पानं उलटत म्हणाली. “तिनं पुन्हा लिहिलंच असणार.”

तिने लिहिलं नव्हतं. लिहील म्हणून बुकिंगवाले तेव्हा रोज वही उघडून बघायचे. “उपाशी मरू दे तुमचा उंदीर,” एवढंच ती म्हणाली होती.

“बाबा, सापडलं!” मुलीचा आवाज फाटला. “हे बघा. ‘सिनेमा तीनदा पहिला. हिरो फारच गोड. मैत्रिणींनाही आणणार आहे.’ पाहिला नाही, पहिला! काना राहिलाय. आईच ही! ‘तुझी वाट पहिली, किल्ली शेजारी आहे.’ शाळेतून आल्यावर रोज हेच वाचलंय मी.”

ती वहीवर वाकून रडायला लागली. बुकिंगवाल्यांनी चष्मा लावला. अक्षर त्यांचंच होतं, डाव्या हाताचं. तो काना मात्र त्यांनी मुद्दाम गाळला होता. फाडलेल्या त्या पानावरचा ‘पहिला’ त्यांना इतका खरा वाटला होता, की पुढच्या खोट्या अभिप्रायांत ते तो सर्रास वापरू लागले होते. तिची ती चूक छत्तीस वर्षं घरातही त्यांनी सुधारली नव्हती.

“आईचंच आहे ना, बाबा?”

त्यांचं बोट वहीच्या शिवणीपाशी गेलं. फाडलेल्या पानाची बारीक पट्टी तिथे अजून होती. पट्टी कोरी होती. आता सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि जिला सांगायचं होतं ती नव्हती.

“पहिला तिचा,” ते म्हणाले.

मुलीने डोळे पुसले. “म्हणजे पुढे आणखी आहेत?”

ती फरशीवरच बसली आणि भराभर पानं उलटू लागली. “इथेही पहिला! हा बघा, इथेही! बाबा, किती वेळा लिहून गेली होती हो ती!”

बुकिंगवाले बंद खिडकीसमोरच्या आपल्या स्टुलावर जाऊन बसले, आणि ती दाखवेल त्या प्रत्येक ‘पहिला’ला हो म्हणत राहिले.