समज आहे

"डोक्यात स्टंप बसला तर माणूस मरू शकतो, हे तुला माहीत होतं?"

"व्हय."

"कधीपासून?"

"लहानपणापास्नं." जोतिबा टेबलाकडं बघत म्हणाला. "सगळ्यास्नी माहीत असतंय की."

फिरदोस मुल्लानं ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. ती मूळची सांगलीची. साताऱ्यात सरकारी मानसशास्त्रज्ञ म्हणून तिला चौदा वर्षं झाली होती. समोरच्या मुलाचं वय होतं सोळा वर्षं दहा महिने. माण तालुक्यातल्या आपल्या गावी क्रिकेटच्या सामन्यानंतर झालेल्या भांडणात त्यानं राजवर्धन नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यात स्टंप घातला होता. दहिवडीच्या दवाखान्यात नेईपर्यंत राजवर्धन गेला. मुलगा सोळाच्या पुढचा आणि गुन्हा खुनाचा, म्हणून खटला मोठ्या माणसासारखा चालवायचा का, ते बाल न्याय मंडळ ठरवणार होतं. त्याआधी या मुलाला परिणामांची समज होती का, ते फिरदोसनं लिहून द्यायचं होतं.

सहा वर्षांपूर्वी असा पहिला अहवाल तिनं चाळीस मिनिटांत लिहिला होता. त्या मुलानंही सगळी उत्तरं बरोबर दिली आणि तिनं लिहिलं, 'समज आहे.' तो मुलगा आता कारागृहात होता. त्यानंतर तिनं या वयाच्या मुलांवरचं संशोधन मिळेल तिथून मिळवून वाचलं. शांत खोलीत, एकट्यानं बसलेलं सोळा वर्षांचं पोर मोठ्या माणसाइतका नीट विचार करतं. पण दोस्त भोवती असले आणि डोकं तापलं, की तोच विचार जागेवर राहत नाही. स्वतःला आवरायची ताकद यायला पुढं कितीतरी वर्षं लागतात. देशोदेशी तपासून झालेली गोष्ट होती ही. वाचताना तिला त्या चाळीस मिनिटांची लाज वाटली होती.

म्हणून तिनं जोतिबाला पुन्हा पुन्हा बोलावलं. चौथ्या भेटीत तिनं प्रश्नांचा कागद बाजूला ठेवला.

"स्टंप हातात कुणी दिला?"

"ठावं न्हाई. हातातच हुता."

"दोस्त काय म्हणत होते?"

"समदी वरडत हुती. घाल, घाल. मला दुसरं काय ऐकूच येत न्हवतं."

"मग?"

"मग त्यो पडला." जोतिबा पुन्हा टेबलाकडं बघायला लागला. "म्या म्हणलं, ऊठ की रं. बाटलीतलं पानी तोंडात वतलं. ते भाईरच यायला लागलं, तवा म्या पळालो."

अहवाल अकरा पानांचा झाला. तो द्यायच्या आदल्या दिवशी राजवर्धनचे वडील लालासाहेब तिच्या दारात उभे राहिले. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. खुर्ची पुढं केली तरी बसले नाहीत.

"मॅडम, त्या पोराचं डोकं तुमी चार येळा तपासलं म्हनं."

"हो."

"माझं पोरगं एकोनीसचंच हुतं. त्याला बी दोस्त हुते, त्याला बी राग यायचा. त्यानं कवा कुनाला मारलं न्हाई. हे कुठल्या पानावर लिवताय?"

फिरदोसनं वाचलेल्या कशातही याचं उत्तर नव्हतं. लालासाहेबांनी थोडी वाट पाहिली आणि ते जिना उतरून गेले.

मंडळासमोर न्यायाधीश बाईंनी अहवाल चाळला. "मॅडम, सगळं वाचलंय. आम्हाला हो किंवा नाही सांगा. समज होती का?"

"माझ्यासमोर, शांतपणे विचारलं तेव्हा होती," फिरदोस म्हणाली. "मैदानावर त्या वेळी ती त्याच्या कामी आली नाही. या वयात येत नाही. म्हणून माझं उत्तर नाही असं आहे."

सरकारी वकील उठले. त्यांनी दुसरं पान उघडलं आणि एकच ओळ वाचली: 'माणूस मरू शकतो हे माहीत असल्याचे मुलाने स्पष्टपणे सांगितले.' ती ओळ फिरदोसचीच होती. खरी होती म्हणूनच तिनं लिहिली होती.

दुपारी आदेश आला. जोतिबावर खटला मोठ्या माणसासारखा चालायचा होता. कारण म्हणून आदेशात तीच ओळ होती.

बाहेर व्हरांड्यात जोतिबाची आई मनुबाई उभी होती. नवरा मुंबईला कामाला, त्याला रजा मिळाली नव्हती. "आवं बाई, काय झालं ते मला सांगा. आत मला काय बी उमगलं न्हाई."

"त्याला मोठा धरलाय," फिरदोस म्हणाली. "अपील करता येईल. मी वकिलांशी बोलते. पण शिक्षा झाली, तर एकविसाव्या वर्षानंतर तुरुंगात जावं लागू शकतं."

"मोठा," मनुबाई म्हणाली.

साध्या कपड्यातला पोलीस जोतिबाला घेऊन आला. निरीक्षणगृहातल्या तीन महिन्यांत पोरगं उंच झालं होतं. शाळेची निळी पँट घोट्याच्या बरीच वर गेली होती. मनुबाईनं ते पाहिलं आणि ती त्याच्या पायाशी फरशीवर बसली.

"ऱ्हाऊ दे की आये," जोतिबा पुटपुटला.

"थांब. आत कापड हाय अजून."

तिनं पँटची दुमड दातानं उसवायला घेतली. दोरा चिवट होता. एक पाय झाला, दुसरा घेतला. पोलिसानं घड्याळ पाहिलं. व्हरांड्याच्या टोकाला उभे असलेले लालासाहेब बघत राहिले, मग त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं.

दुमड सुटली. इतके दिवस आत राहिलेली कापडाची पट्टी बाकीच्या पँटपेक्षा गडद, नव्यासारखी निळी होती. मनुबाईनं ती तळहातानं दोनदा ताणून सरळ केली आणि दातातला दोरा पदराच्या टोकात बांधून ठेवला.