दारातून ऐकलेला कायदा

"कायदा अमर आहे! माणसं येतात, जातात, कायदा राहतो!" असं कलमभाऊंनी जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या अर्ध्या गालाला साबण होता आणि वस्तरा त्यांची थोरली बहीण शोधत होती.

ताई दोन खोल्यांत भाड्याने राहून शिवणकाम करायची. मालकाला इमारत पाडायची होती. जागा सोडल्याच्या कागदावर सही केलीत तर नव्या इमारतीत तळमजल्यावर खोली देतो, म्हणाला. ताई विचारायला आली होती.

"सही? वेडी की काय! भाडेकरू संरक्षण कायदा आहे. उठवून दाखव म्हणावं!"

कलमभाऊंनी उभा जन्म कोर्टाच्या दारात पक्षकारांची नावं पुकारण्यात घालवला होता. आतलं जेवढं दारापर्यंत ऐकू येई, तेवढा कायदा त्यांना तोंडपाठ होता. ताईने सही केली नाही. मालकाने देऊ केलेली खोली मागे घेतली आणि दावा लावला.

"कोणत्या कायद्याखाली संरक्षण मागता?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"भाडेकरू संरक्षण!" ताईच्या वतीने कलमभाऊ गरजले.

"आजोबा, हळू. भाडेकरूंना संरक्षण देणारे कायदे पुष्कळ झाले. तुम्ही म्हणता तो त्यातला एक. महायुद्धानंतर घरं मिळेनात, तेव्हा केलेला. तेव्हा उभ्या असलेल्या घरांपुरता. ही इमारत नंतरची. आणि तो कायदा रद्द होऊनही जमाना झाला."

दारातला नवा पुकारेवाला गालात हसला. धरणीने पोटात घ्यावं, असं कलमभाऊंना वाटलं. पण खाली फरशी होती, तीही सरकारी.

त्या दिवसापासून कुणी "काय कलमभाऊ!" म्हटलं, की ते चपला शोधल्यासारखे खाली बघत. ताई मशीन घेऊन त्यांच्याकडेच राहायला आली, तेव्हाही त्यांची नजर मशीनच्या पायडलवरच होती.

"ताई, माझ्यामुळे तुझं घर गेलं. मला काही कळत नव्हतं गं..."

"ते मला लहानपणापासून माहीत आहे. पण तू इतक्या मोठ्यानं सांगितलंस, की खरंच वाटलं."

कलमभाऊंनी बाहीने डोळे पुसले. रद्दीतून जमवलेल्या कायद्याच्या पुस्तकांची चळत खिडकीत छतापर्यंत पोचली होती. ताईने त्या चळतीकडे पाहिलं, मग हातातल्या सुईकडे.

"रडू नकोस. ती पुस्तकं तेवढी तिथून हलव. दोरा ओवायला उजेड लागतो."