वाढत्या अंगाचं माप

मित्रांनो, मी माप घ्यायची एक जुनी कापडी टेप आहे. माझ्यावर साठ इंच छापलेले आहेत. प्रत्यक्षात मी किती इंचांची आहे, हे मात्र आता खात्रीनं सांगता येत नाही. माझा गोंधळ समजून घ्या.

कारखान्यातून निघाले ती मी थेट एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या गळ्यात पडले. त्याच वर्षी तिला मुलगी झाली. दात येताना मुलीनं माझं पितळी टोक चावलं. त्या खुणा अजून आहेत. पुढे ती माझा साप करायची, दोरी करायची, ओढून ओढून स्वतःची सावली मोजायची. दर वाढदिवसाला आई तिला भिंतीशी उभी करून खांद्यापासून जमिनीपर्यंत मला सोडायची.

"टाचा खाली, बुटके!"

"खालीच आहेत गं!"

नसायच्या. मग आई फ्रॉक शिवायची तो वाढत्या अंगाचा, म्हणजे खाली चार बोटं कापड दुमडून. मुलगी वाढली की दुमड उसवायची.

गेली काही वर्षं मात्र मला काही कळेनासं झालं. गिऱ्हाइकं आक्रसू लागली. शेजारच्या काकू तर खूश. "बघ, खाणंपिणं काही न सोडता कंबर इंचभर उतरली!" मुलगी आईपेक्षा उंच झाली, पण माझ्यावरचा तिचा आकडा एकदा चक्क मागे आला. ती घटली, की माझंच काही बिघडलं?

शिक्षण संपवून मुलीला दुसऱ्या गावी, एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. पहिल्या दिवसासाठी आईनं पँट शिवायला घेतली. माझे आकडे पुसट झाले म्हणून मुलीनं नवी टेप आणली होती. आईनं सवयीनं माप घेतलं माझ्यावर आणि कापड बेतलं नव्या टेपनं.

निघायच्या आदल्या दुपारी मुलीनं पँट घातली. घोट्याच्या वर!

आई मटकन खाली बसली. "जगाचे कपडे शिवले आणि पोटच्या पोरीचंच माप चुकलं? हात गेले का गं माझे?"

मुलीनं मला आणि नव्या टेपला टेबलावर शेजारी ठेवलं. मी दोन इंच जास्त भरले.

"हात नाही गेले. ही ताणली गेलीये, आई. हिच्यावर मी कायम कमीच भरणार."

आईनं मला उचललं. "म्हणजे इतकी वर्षं मी तुला लहानच समजत होते?"

"कळलं एकदाचं!" मुलगी हसली आणि तिनं पँटची कड उलटली. आत चार बोटं दुमड होती. "आई, मी वाढायची थांबून किती वर्षं झाली!"

"हाताला सांगायचं राहिलं," आई म्हणाली आणि टाके उसवू लागली.

नवी टेप आईकडे राहिली. "ही जुनी कशाला नेतेस? खोटं माप दाखवते," आई म्हणाली, तरी मुलीनं मला गुंडाळून बॅगेत टाकलं. मी नेमकी कधी ताणली गेले? ती सावली मोजायची तेव्हा, की आईच्या गळ्यात लोंबकळताना? अजून उमगत नाही. स्वतःला स्वतःवर मोजता येत नाही ना.

म्हणून सांगते मित्रांनो, जुनी मापं टाकू नका, पण अधूनमधून नव्याशेजारी ठेवून पाहा. आणि चार बोटं दुमड ठेवायची विसरू नका.