सम्राटाचे नाव खरवडलेले पान

मित्रांनो, मी कोकराच्या कातड्याचे एक जुने पान आहे. माझ्या माथ्याशी एक भोक आहे. ते उंदराने कुरतडलेले नाही की किड्याने खाल्लेले नाही. ते कसे पडले, तेच आज सांगते.

रोम शहरातल्या एका मठात पास्केंतियस नावाचे साधू ग्रंथांच्या नकला करीत. त्यांनी मला चुन्यात भिजवले, ताणून वाळवले, घासून गुळगुळीत केले आणि माझ्यावर ईस्टरचा, म्हणजे दर वर्षी तारीख बदलणाऱ्या त्या सणाचा, तक्ता लिहिला. एकोणीस वर्षांचे एकोणीस ईस्टर, तारखांसह. माथ्यावर लाल शाईत लिहिले, ‘सम्राट डायोक्लेशियनची वर्षे’. त्या काळच्या अशा तक्त्यांत साल मोजत ते हा सम्राट गादीवर बसल्यापासून. पाहुणे साधू म्हणत, “काय वळणदार अक्षर!” मी फुगून जाई. सम्राटाचे नाव कपाळी मिरवायचे, केवढा तो मान!

रेदेम्प्ता नावाची धोबीण मठाचे लोकरी झगे धूत असे. तिला वाचता येत नव्हते. चाळीस दिवसांचा उपास कधी धरायचा हे कळावे म्हणून दर हिवाळ्यात ती ईस्टरची तारीख विचारी. पास्केंतियस तेवढीच सांगत. त्या वर्षी मात्र त्यांची नजर अधू झाली होती. ओळ चुकू नये म्हणून ते मला डोळ्यांजवळ धरून वरपासून मोठ्याने वाचू लागले. “डायोक्लेशियनचं दोनशे एक्केचाळिसावं वर्ष...”

रेदेम्प्ताच्या हातातले गाठोडे धपकन खाली पडले.

“कोणाचं?”

“डायोक्लेशियनचं. का गं?”

“ज्यानं आपल्या ख्रिस्ती माणसांना जिवंत जाळलं, तो? आमच्या गावच्या सबिनिल्लाला त्याच्याच शिपायांनी मारलं. तिच्या थडग्यावर माझी आजी दिवा लावायची, आता मी लावते. आणि त्या मेल्याचं नाव तुम्ही देवाच्या सणावर लिहिता?”

“अगं, ती साल मोजायची नुसती खूण आहे.”

“खूण? तुमच्या आईला मारणाऱ्याच्या नावानं तुम्ही स्वतःचं वय मोजाल का, बाबा?”

मित्रांनो, मी सुन्न झाले. इतकी वर्षे मी काय मिरवत होते! पास्केंतियसांनी मला पुन्हा डोळ्यांजवळ धरले. “चाळीस वर्षं लिहितोय हे नाव,” ते पुटपुटले. “एकदाही मनात आलं नाही.”

आरडाओरडा ऐकून मठाधिपती कास्तोरियस आले. सारे ऐकून ते म्हणाले, “याच शहरात एक साधू नवा तक्ता करताहेत. ते हे नाव टाकून प्रभूच्या जन्मापासून वर्षं मोजतात. मला वाटलं, कशाला नसता घोळ!”

“त्यांच्या मोजणीनं आता कितवं साल?” पास्केंतियसांनी विचारले.

“पाचशे पंचविसावं.”

“अगं बाई!” रेदेम्प्ता डोळे पुसत म्हणाली. “म्हणजे मी एका दमात तीनशे वर्षांनी म्हातारी झाले की काय?”

पास्केंतियसांनी चाकू उचलला.

“अहो, फाटेल ते! कातडी काय झाडाला लागतात?” मठाधिपती म्हणाले.

“फाटू दे.”

त्यांनी नाव खरवडायला घेतले. डोळ्यांना नीट दिसत नव्हते. शेवटच्या अक्षराशी पाते आरपार गेले. मला फार दुखले, पण मी म्हटले, खरवडा, अजून खरवडा. मग त्याच जागी, भोकाला वळसा घालून, त्यांनी काळ्या शाईत लिहिले, ‘प्रभूच्या जन्मापासूनची वर्षे’. आकडेही सारे बदलले. अक्षर वेडेवाकडे आले. पुन्हा कोणा पाहुण्याने माझी स्तुती केली नाही.

आज जिला इसवी सन म्हणतात, ती ही मोजणी तेव्हा बाजारात कोणाला ठाऊकही नव्हती. ती जगभर पसरायला कित्येक शतके लागली. मी मात्र तेव्हापासून फळीवर पडून आहे.

मित्रांनो, जुनी पाने जपा, पण नुसती कुलपात ठेवू नका. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना ती मोठ्याने वाचून दाखवा. मला शेकडो विद्वानांनी वाचले होते. माझ्यावर काय लिहिले आहे, ते ऐकले एकट्या रेदेम्प्ताने.