आधीच खुनी सांगणारी प्रत

खुनी कोण हे मला पुस्तक न उघडताच ठाऊक झालं होतं, कारण आमची ही आणि कोपऱ्यावरचा केमिस्ट पंधरा दिवस दुसरं काही बोलतच नव्हते. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. एकट्या राहणाऱ्या बायकांच्या इमारतीत जातो, लिफ्ट नीट करतो, मग वर जाऊन बेल वाजवतो आणि गळा आवळतो. असल्या पुस्तकात काय एवढं, असं मी विचारलं तर ही म्हणाली, "ते खुनांबद्दल नाहीच आहे मुळी."

"मग कशाबद्दल आहे?"

"जाऊ द्या. तुम्हाला नाही कळायचं."

केमिस्टला मात्र सगळं कळायचं. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला ही जायची ती तासाभरानं उगवायची, गालांवर लाली घेऊन. गोळ्यांनी माझा रक्तदाब काय डोंबल उतरणार?

वर ते पुस्तक घरात आणलं मीच. मी बाइंडर आहे. वाचनालयाची फाटकीतुटकी पुस्तकं माझ्याकडे बांधायला येतात. या कादंबरीच्या त्यांच्याकडे दोन प्रती. त्यातली खिळखिळी झालेली माझ्याकडे आली. मी ती बांधून, दाबाखालून काढून टेबलावर ठेवली आणि परत द्यायच्या आधी हिनं उचलली. मग तिच्याकडून थेट केमिस्टकडे. वाचनालयाची बाकी मंडळी दुसऱ्या प्रतीवर भागवत होती.

रविवारी सकाळी वाचनालयात त्या पुस्तकावर चर्चा ठेवली होती. मीही गेलो. साहित्याची ओढ वगैरे काही नाही, सरळ सांगतो, पोटात दुखत होतं म्हणून गेलो. केमिस्ट कडक इस्त्रीचा सदरा घालून आला होता. हिनं बरोबर त्याच्या शेजारची खुर्ची पकडली. मला दाराजवळचं स्टूल मिळालं.

निवृत्त मास्तरांनी तोफ डागली. "रद्दी आहे रद्दी! शेवटपर्यंत खुनी लपवून ठेवायचा, आणि सापडला की पानंच्या पानं त्याचं प्रवचन. मला डुलकी लागली."

"मला नाही हं लागली," दातांची डॉक्टरीण म्हणाली. "मी तर शेवटपर्यंत रखवालदारालाच धरून बसले होते. काय फसवलंय!"

केमिस्ट हसला. डॉक्टरांचं अक्षर आपल्यालाच लागतं, असा तोरा असतो त्या हसण्यात. "शेवटपर्यंत? अहो, खुनी सुरुवातीलाच सगळं सांगून टाकतो. ती बाई केस पुसत असते, वाक्य अर्ध्यात तुटतं, आणि तिथूनच तो बोलायला लागतो. अर्ध्यात! तिचं आयुष्यही त्यानं तसंच तोडलं ना? लेखकानं मुद्दाम केलंय ते."

"आणि मग तो बेल वाजवतो," ही म्हणाली, "तेव्हा आपल्याला माहीत असतं, तिला नसतं. मला ओरडावंसं वाटायचं, दार उघडू नकोस गं बाई!" हिचे डोळे भरून आले होते. माझ्यासमोर ही एवढी शेवटची कधी बोलली, मला आठवेना.

"शेवटी तर तो तोंडसुद्धा उघडत नाही," केमिस्ट म्हणाला. "काय ती शांतता!"

"कसली शांतता? बडबड बडबड बडबडतो!" मास्तर उखडले. "तुम्ही हेच पुस्तक वाचलंत ना?"

अर्ध्यात तुटलेलं वाक्य ऐकलं तेव्हाच माझे कान टवकारले होते. दोन्ही प्रती टेबलावर होत्या. मी उठून शेजारी शेजारी ठेवून चाळल्या आणि घोळ माझ्या लक्षात आला. मी बांधलेल्या प्रतीची खालची कड उंदरानं कुरतडली होती. मी ती आधी छाटली, त्यात पानांचे आकडे गेले. मग फर्मे, म्हणजे सोळा सोळा पानांचे गठ्ठे, अंदाजानं लावले, आणि शेवटाजवळचा फर्मा सुरुवातीला जाऊन बसला. बाइंडरला याहून मोठी नामुष्की नाही. शहाणा माणूस गुपचूप पुस्तक काखेत मारून घरी गेला असता, उसवून नीट शिवून आला असता.

पण केमिस्ट अजून "मुद्दाम, मुद्दाम" म्हणत होता आणि ही मान डोलावत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मुद्दाम बिद्दाम काही नाही," मी ओरडलो. "ते वाक्य लेखकानं नाही, मी तोडलंय! फर्मा चुकीच्या जागी शिवलाय मी. हे बघा."

दोन्ही प्रती सगळ्यांसमोर फिरवल्या. मास्तर ठसका लागेपर्यंत हसले. डॉक्टरिणीनं तोंडाला रुमाल लावला. केमिस्टचा चेहरा असा पडला की मला माझी नामुष्की स्वस्त वाटली. माझं नाक कापलं गेलं खरं, पण त्याचंही गेलं.

मग मी हिच्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, ओशाळेल. ही आपली प्रत हातात घेऊन सावकाश पानं उलटत होती. ज्या जागी वाक्य तुटलं होतं तिथं बोट ठेवून थांबली आणि हिचा चेहरा उजळला. वळून केमिस्टला म्हणाली, "म्हणजे हे पुस्तक अख्ख्या जगात फक्त आपण दोघांनीच वाचलंय."

"खरंच की," तो हळूच म्हणाला. पडलेला चेहरा जागेवर आला.

वाचनालयाच्या बाई माझ्यावर वैतागल्या होत्या. "घेऊन जा ते, आणि आजच नीट शिवून आणा."

मी हात पुढे केला. हिनं पुस्तक छातीशी धरलं.

"नका ना हो उसवू," ही माझ्याकडे बघून म्हणाली. "एवढं ऐका माझं. राहू द्या आमचं असंच."

इतक्या लाडानं ही माझ्याशी कित्येक वर्षांत बोलली नव्हती. मी हात मागे घेतला.